मामीचा लांबलेला मुक्काम

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर, ता. ७ जानेवारी १९३४, रविवार

तीर्थस्वरूप ईरप्पामामा यांचे चरणी,

भाचा गुंडा याचे पायांवर डोके ठेवून शरणार्थ. इकडे सर्व क्षेम आहे. आपली प्रकृती, दुकान, गुडघा आणि म्हैस यांची खुशाली सविस्तर कळवावी. (दोन्ही कार्डांत मिळून फक्त म्हशीची खुशाली होती, तीही वाईट, म्हणून मुद्दाम विचारतो.)

आपली दोन्ही कार्डे पावली. पहिल्यात "म्हैस दूध देईना. हिला पाठव" एवढा मजकूर होता आणि दुसऱ्यात नुसतेच "हिला पाठव". दुसऱ्यात म्हशीचा उल्लेख नाही, तेव्हा ती ताळ्यावर आली असावी, असे धरून मी जरा निर्धास्त झालो होतो. पण काल वैरागच्या मोटारीचा ड्रायव्हर भेटला. तो म्हणाला, वैरागचे ईरप्पाशेठ हल्ली दोन्ही वेळा दुकानातले चुरमुरे आणि गूळ खाऊन राहतात आणि गिऱ्हाइकाने भाव विचारला तरी अंगावर जातात. ते ऐकून आज लगेच कागद पुढ्यात घेतला. चार दिवसांसाठी म्हणून आणलेली मामी अजून सोलापुरात का आहे आणि घरी कधी येणार, याचा खुलासा करण्यासाठीच हे पत्र आहे. मात्र तो एका ओळीत होण्यासारखा नाही, मुळापासून सांगावा लागेल. आपण कुठलेही पत्र शेवटाकडून वाचायला घेता, हे मला ठाऊक आहे. या खेपेला कृपा करून तेवढे करू नये.

मी शाळेत ड्रॉइंग आणि कवायत शिकवतो, हे आपण जाणताच. गेल्या वर्षी हेडमास्तरांनी बालवीरांचे पथकही माझ्या गळ्यात बांधले. (बालवीर म्हणजे काय, असे आपण दिवाळीत विचारले होते. मी खाकी चड्डी, गळ्यातला रुमाल, शिट्टी, दोरीच्या गाठी आणि रोज एक सत्कृत्य असे सगळे समजावून दिले, त्यावर आपण "हं" म्हणालात. तो "हं" मी अजून जपून ठेवला आहे, कारण आपल्याकडून त्यापेक्षा लांब अभिप्राय आमच्या अख्ख्या घराण्यात कुणाला मिळालेला नाही.) तर या पथकाचे शिबीर नाताळच्या सुट्टीत गावाबाहेर भरवायचे ठरले. तीस पोरे, तीन रात्री. आचारी पक्का केला होता. तीस पाने म्हटल्यावर तो हसत कबूल झाला आणि ती तीस पाने शाळेतल्या पोरांची आहेत, असे कळताच त्याच्या मावशीला देवाज्ञा झाली. घरचे मनुष्य बाळंतपणाला माहेरी गेलेले, मी स्वतः खानावळीत जेवणारा. अशा वेळी मामाशिवाय माणसाला कोण आहे? आपण मामीला दोन मोठ्या पातेल्यांसकट मोटारीत बसवून दिलेत आणि ड्रायव्हरजवळ निरोप दिलात, "चार दिवस." हे उपकार मी विसरलेलो नाही.

मामीच्या हाताला मीठ बेताचे आहे, हे मला लहानपणापासून पाठ आहे. आपल्या पंक्तीला बसून मी वाढलो. जेवताना आपण एकच शब्द बोलता, "मीठ". मग मामी उठते, मीठ वाढते, आणि पुन्हा सगळीकडे शांतता होते. तेव्हा मी खबरदारी म्हणून मिठाची एक बरणी वेगळी भरून घेतली आणि पोरांना ताकीद दिली की, कालवण अळणी लागले तर मुकाट्याने बरणीकडे जावे, तोंडे वाकडी करू नयेत. ती बरणी शिबिरात कुणी उघडलीसुद्धा नाही. हे मी नुसते पाहिले. कामाच्या धांदलीत त्याचा विचार केला नाही.

आता जागेचे सांगतो, कारण सगळे रामायण तिथून झाले. होटगीच्या वाटेवर धुळाप्पा नावाचा शेतकरी आहे. त्याचे ओढ्याकाठचे रान यंदा पड होते. सपाट जागा, शेजारी विहीर, बांधावर लिंबाची झाडे. मी सायकलीवरून त्याच्याकडे गेलो आणि तीस मुले तीन रात्री तिथे राहू द्याल का, म्हणून विचारले. त्याने ना भाडे विचारले ना मुलांची जात. एकच प्रश्न केला, "मास्तर, पोरं खात्यात का चांगली?" मामा, माझे डोळे भरून आले. परक्या लेकरांच्या पोटाची एवढी काळजी! मी छातीवर हात ठेवून सांगितले की, दगड वाढले तरी पचवतील. "मग ऱ्हाऊ द्या की," तो म्हणाला. एवढ्यावर तो थांबला नाही. दुसऱ्या दिवशी स्वतःची गाडी जुंपून ज्वारीचे एक पोते त्याने शाळेच्या दारात आणून टाकले. "पोरांच्या भाकरीला हाय. दाबून खाऊ घाला," म्हणाला. मी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेपुढे त्याच्या औदार्यावर छोटेसे भाषण केले. (घंटा झाली म्हणून ते छोटे राहिले.)

सामान न्यायला चांदसाबचा टांगा ठरवला होता. हा सात रस्त्याच्या चौकात उभा असतो, आपल्यालाही त्याने एकदा स्टेशनात सोडले आहे. तंबू, पातेली, पोते, मामी आणि मी असा सगळा बोजा त्याने होटगीच्या रानात पोचता केला. लगेच परत फिरायचे असे ठरले होते. पण मामीने त्याच्या पुढ्यात भाकरी, झुणका आणि शेंगाची चटणी ठेवली, आणि जेवण होताच त्याच्या घोड्याचा पाय दुखावला. आज मागचा डावा, उद्या पुढचा उजवा, असा पाय रोज बदलत होता. पण घोडा काही चालण्याच्या स्थितीत नव्हता. तोवर चांदसाब ओझी उचले, सरपण फोडे, विहिरीचे पाणी शेंदे आणि पंगतीच्या वेळी बिनचूक हजर असे. त्याला मी राहा म्हणालो नाही आणि जा म्हणायची मला गरजही वाटली नाही.

पहिला दिवस झकास गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो धुळाप्पा हात पाठीशी बांधून रानभर फिरतो आहे. मधेच वाकतो, ढेकूळ उचलतो, पाहतो, टाकतो. मी विचारले, काही हरवले का?

"मास्तर, रानात काईच दिसंना की."

मी अभिमानाने म्हणालो, दिसणारच नाही. स्वच्छता हा बालवीराचा पहिला धर्म. कागदाचा कपटा दाखवा आणि बक्षीस घ्या.

"कागूद ऱ्हाऊ द्या. पोरं सकाळची जात्यात कुटं?"

प्रश्न नाजूक होता, पण माझी तयारी पक्की होती. आमच्या पुस्तकात सक्त सांगितले आहे की, मुलांच्या सकाळच्या विधीची सोय मुक्कामापासून लांब, चर खणून करावी आणि वर रोज माती लोटावी. मी त्याला ओढ्यापलीकडचे गायरान बोटाने दाखवले आणि चरांची लांबी-रुंदीही सांगितली. धुळाप्पाने हातातले ढेकूळ खाली टाकले.

"गायरानात? माजी ज्वारी खाऊन गायरानात?"

मामा, आपण व्यापारी असलात तरी ही रीत आपल्याला माहीत आहे, शहरात शिकलेल्या मला नव्हती. रान पड असले की शेतकरी धनगराची मेंढरे रात्री त्यात बसवून घेतो. रानाला खत मिळते, आणि त्या बदल्यात धनगराला ज्वारी मिळते. धुळाप्पाने हाच हिशेब तीस पोरांना लावला होता. मेंढरांपेक्षा पोरे संख्येने कमी, पण ती पाला खाणार नाहीत, भाकरी खाणार, म्हणजे रानाला चालून जाईल, असा त्याचा अंदाज. म्हणून "खात्यात का" ही चौकशी, म्हणून "दाबून खाऊ घाला" हा आग्रह. ज्याला मी शाळेपुढे दानशूर म्हटले, त्याने रीतीप्रमाणे मोल आधी चुकते केले होते आणि मी त्याचे खत सरकारी गायरानात नेऊन पुरत होतो!

मला हे धुळाप्पाच्या तोंडून कळले नाही, तो नुसता "गायरानात, गायरानात" करीत होता. कळले ते मामीच्या हसण्यावरून. ती भाकरीचे पीठ मळत होती. हसता हसता तिने पदर तोंडात धरला, परातीवर वाकली, पुन्हा वर झाली आणि पुन्हा वाकली. आपल्या घरी एवढ्या वर्षांत मी तिला असे हसताना पाहिलेले नाही. "गुंडा," ती म्हणाली, "बुकं शिकलास, रीत तेवढी ऱ्हायली की रं." मग धुळाप्पाकडे वळून, "दादा, पोटात गेलेली ज्वारी काय माघारी येत न्हाय. पर तुमचं रान मोकळं ऱ्हात न्हाय, त्ये माज्याकडं लागलं. बसा, भाकर खावा."

(पुस्तक बाजूला ठेवून पोरांना रानातच मोकळीक द्यावी, असे क्षणभर माझ्याही मनात आले होते. पण त्याच दुपारी हेडमास्तर पाहणीला येणार होते.)

पलीकडच्या माळावर हरिबा धनगराची मेंढरे होती. त्याची बायको मायाक्का आमच्या विहिरीवर पाण्याला येई. मामीचे माहेर अक्कलकोटकडचे, मायाक्काचेही तिकडचेच. दोघींची कानडी पहिल्याच खेपेला जुळली होती आणि दुसऱ्या खेपेला मायाक्का आमच्या चुलीपाशी बसून भाकरी थापू लागली होती. मामीने तिच्यामार्फत हरिबाला बोलावले आणि उभ्या उभ्या सौदा केला. उरलेल्या दोन्ही रात्री मेंढरे धुळाप्पाच्या रानात बसायची आणि हरिबाचे सगळे बिऱ्हाड आमच्या चुलीवर जेवायचे. आपली बायको आहे, मामा. भाव कसा ठरवावा, हे तिला कुणी शिकवायला नको.

संध्याकाळी मेंढरे आली. तंबूंच्या मधे, तंबूंच्या मागे, झेंड्याच्या काठीभोवती, जिथे म्हणून जागा होती तिथे मेंढरे बसली. त्यांना दोरीला अंग घासायची सवय असते. त्या नादात माझा तंबू दोनदा माझ्या अंगावर आला. (पोरांचे तंबू जागचे हलले नाहीत. त्यांना गाठी चांगल्या येतात. शेवटी त्या शिकवतो कोण?) थंडी मरणाची होती, पण मेंढरांच्या उबेने एकही पोर कुडकुडले नाही. मात्र एकूण एक पोरगे घरी जाताना मेंढराचा वास घेऊन गेले, आणि पालकांच्या चिठ्ठ्या अजून येत आहेत. धुळाप्पा रोज सकाळी येऊन ढेकूळ उचलून बघे आणि माझ्याकडे पाहून आता हसे.

असा सगळा गोडीगुलाबीचा मामला असताना तो मोडायला मला आभार मानण्याचे सुचले. मला म्हणजे, मुंबईहून आलेल्या छापील पत्रकाला. त्यात लिहिले होते की, शिबिराला साह्य करणाऱ्यांचे शेवटच्या दिवशी रीतसर आभार मानावेत आणि पथकाने त्यांच्याशी बालवीरांच्या पद्धतीने हस्तांदोलन करावे. बालवीरांची पद्धत म्हणजे डावा हात. तो हृदयाकडचा, म्हणून मैत्रीचा, असा त्याचा अर्थ आहे. वर्गात मी तो पोरांना फोड करून सांगितला होता. रानातल्या माणसांना सांगायचे राहून गेले.

शेवटच्या दिवशी धुळाप्पा, हरिबा आणि चांदसाब यांना मी लिंबाखाली ओळीने उभे केले. मी बोललो. (घंटा नव्हती, म्हणून सविस्तर बोललो.) आणि मग शिट्टी वाजताच तीस पोरांनी तीस डावे हात त्या तिघांपुढे एकदम काढले.

चांदसाब दोन पावले मागे सरला. "मास्टरसाब, डावा हात कायकू? हमारे से कुछ चूक हुई क्या?" एवढे बोलून तो तडक घोडा जुंपायला गेला आणि घोड्याचे चारही पाय तत्काळ बरे झाले. हरिबाने दोन्ही हात घोंगड्याच्या आत लपवले. धुळाप्पा माझ्याकडे डोळे वटारून म्हणाला, "जित्या मानसाला डावा हात? आमचं तेरावं घालताय व्हय?" मी घाम पुसत सांगू लागलो की हे आभार आहेत, मनापासून आहेत. त्यावर हरिबा घोंगड्यातूनच बोलला, "आबार-बिबार नगं मास्तर. आबार मानत्यात त्ये वाटंला लावायला. मागल्या साली एका सायबानं मानलं, आन् परत वळकसुदीक दावली न्हाय."

हे मात्र माझ्या मनाला लागले. खरेच आहे. आपल्याकडे कोण कुणाचे आभार मानतो? मानले की माणूस परका झाला, देणे फिटले, दार लागले. आपल्या मुलखातल्या माणसांना आभार चालत नाहीत, असा शेरा मी अहवालात लिहिणार, इतक्यात चुलीकडून मामीचा आवाज आला.

"उजवे हात धुवा आन् बसा समदी. हुग्गी निवाय लागलीय."

त्या एका हाकेने सगळे सुरळीत झाले. चांदसाबने जुंपलेला घोडा सोडला, हरिबाचे हात घोंगड्यातून बाहेर आले. मामी आणि मायाक्काने पहाटेपासून गहू कांडून हुग्गी रांधली होती. गूळ, खसखस, खोबरे, आणि वर हरिबाने दिलेले शेळीचे दूध. मास्तर, पोरे, शेतकरी, धनगर, टांगेवाला एकाच ओळीत बसले. (रानात पंगत वेगळी मांडायची नसते, हे हुरड्याच्या वेळचे आपलेच वाक्य आहे. आपली वाक्ये थोडी असल्याने ती सगळ्यांच्या लक्षात राहतात.) फक्त भुरके ऐकू येत होते. हरिबाने तिसऱ्यांदा वाटी पुढे केली आणि म्हणाला, "आक्का, म्हातारी गेल्यापास्नं अशी खाल्ली न्हवती." चांदसाब म्हणाला, त्याच्या बिबीला इथे आणून शिकवायला पाहिजे. आणि मग पोरे उठली. त्यांना कुणी सांगितले नव्हते, पत्रकातही नव्हते. पथकाची एक आरोळी आहे. फार मोठी मर्दुमकी गाजवणाऱ्यालाच ती देतात, ती त्यांनी मामीला दिली. तीनदा, टोप्या उडवून, ओढ्यापलीकडे जाईल अशी. मेंढरे उधळली, कुत्री भुंकली आणि मामीच्या हातातला पळा खाली पडला. तिला वाटले, साप निघाला.

मी जवळ जाऊन सांगितले, मामी, ही त्यांची रीत आहे. जेवण चांगले झाले, असे ते म्हणतात.

"चांगलं झालंय, म्हनत्यात?"

हो.

"समदी?"

सगळी, मी म्हणालो. ती चुलीकडे तोंड करून बसली आणि पदराने डोळे पुसू लागली. धूर गेला म्हणाली. मामा, चूल विझून केव्हाच राख झाली होती.

परत येताना रेल्वेचे फाटक बंद होते. टांगा उभा राहिला. एकाएकी मामीने विचारले, "गुंडा, तुज्या मामांला माज्या हातचं आवडतं का रं?"

आपल्या घरचे अन्न खाऊन मी मोठा झालो. आपल्या ताटाशेजारी माझे ताट असे. तरी हे मला ठाऊक नव्हते. मी म्हणालो, आवडत नसते तर इतकी वर्षे जेवले असते का? "पोट काय कुनाला सुटलंय," ती म्हणाली. ना रागाने, ना रडून. भाजीचा भाव सांगावा तशी. चांदसाब खाली उतरून घोड्याचा कुठला तरी पाय तपासू लागला. गाडी गेली, फाटक उघडले आणि टांगा पुढे निघाला.

दुसऱ्या दिवशी मी तिचे गाठोडे मोटारीवर नेण्यासाठी उचलले, तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. गड्डा बगून जाईन म्हनते." सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा तिने पाहिलेली नाही असे नाही. तरी मी गाठोडे खाली ठेवले. तेव्हापासून ती इथे आहे. पथकातली पोरे रोज आपले सत्कृत्य करायला आमच्याच घरी येतात. घरातली सगळी भांडी पाण्याने भरून झाली, आता उखळही भरलेले असते. मामी त्यांना खाऊ देते, ती "झकास" म्हणतात, आणि ती हसते. सुखात आहे, असेच कुणीही म्हणेल. पण संध्याकाळी वैरागच्या मोटारीचा हॉर्न ऐकू आला की ती हातातले टाकून दारात जाते. दूधवाला आला का बघते, म्हणते. आमचा दूधवाला सकाळी येतो.

तेव्हा मामीला मी ठेवून घेतलेले नाही आणि तिला पाठवणे माझ्या हातातही नाही. आपण समजून घ्याल. पातेली सुखरूप आहेत. गुडघ्याला एरंडाचे तेल चोळत जावे. भाच्यावर लोभ आहेच, तो चुरमुऱ्यांच्या दिवसांतही टिकावा, हे मागणे.

आपला आज्ञाधारक,
गुंडा

ता. क. – खरे मागणे वर लिहायचा धीर झाला नाही, इथे लिहितो. मामी माझ्याबरोबर येणार नाही, एकटीही येणार नाही. आपण स्वतः न्यायला या. गड्ड्याचे निमित्त आयते आहे, लोकांना कारण सांगावे लागणार नाही. या, जेवायला बसा, मी हुग्गी करायला सांगतो, आणि ताटावर "मीठ" सोडून कुठलाही एक शब्द बोला. आभार मानू नयेत. तिला वाटेल, वाटेला लावताहेत. "बरी झाली" पुरे. "झकास" एकदम नको, ती घाबरेल. सवय नसेल तर आधी म्हशीपुढे म्हणून पाहावे.

ता. क. २ – मामी येऊन उभी राहिली आणि कुणाला लिहितोस म्हणाली. सांगितले. तर म्हणते, लिही – घोंगडे संदुकीत तळाशी आहे, थंडीत तसेच निजू नका. न्यायला येणार असाल तर बाजाराच्या दिवशी येऊ नका, दुकान बुडेल. (न्यायला या, असे मी लिहिले आहे, हे मी तिला सांगितले नव्हते.) आणि म्हशीला धार काढताना "चंद्री" म्हणून नावाने हाक मारावी लागते, मुक्याने बसलेल्याला ती दूध देत नाही.

ता. क. ३ – पाकीट डकवले होते, ते फोडून लिहितो. आताच जेवून उठलो. आमटी नेहमीसारखी, मिठाला चोख. मला ती न उघडलेली बरणी आठवली, आणि मी विचारले, मामी, तुझ्या हाताला तर मीठ अगदी बरोबर आहे, मग वैरागला एवढी वर्षे कमी कसे पडते? ती हसली. म्हणाली, "पडत न्हाय रं, मी कमी घालते. बरुबर झालं तर त्ये गप जेवून उटत्यात. कमी झालं की येक शबुद तरी बोलत्यात माज्यासंगं."

हे आपल्याला कळवू नकोस, असे तिने मला बजावले आहे.